अवकाळीच्या दिवसांत तलावावरचे पक्षी : खर्च किती, बचत कुठे?

जालना शहरात राहणाऱ्या माणसाला घाणेवाडीच्या तलावावर एक सकाळ पक्षी पाहण्यात घालवायची असेल, तर शंभराची नोट पुरते. दुचाकीला अर्धा लिटर पेट्रोल, परतताना पोहे आणि चहा, की संपला खर्च. तरीही या छंदाच्या पहिल्याच हंगामात पंधरा-वीस हजारांना खड्ड्यात गेलेले लोक भेटतात. कुणी चुकीची दुर्बीण घेतलेली असते, कुणाची ठरवलेली गाडी रद्द होऊन आगाऊ रक्कम बुडालेली असते, कुणाच्या भिजलेल्या लेन्सला बुरशी धरलेली असते, तर कुणाची कार काळ्या मातीत रुतलेली असते. या चारपैकी तीन गोष्टी अवकाळी पावसाच्या खात्यावर जातात.

म्हणून सल्ला आधीच सांगून टाकतो. पैसा दुर्बिणीवर घाला, अंतरावर घालू नका. आणि निघायचा दिवस रविवार बघून नव्हे, आभाळ बघून ठरवा. बाकी सगळा लेख हा या दोन वाक्यांचा हिशेब आहे. खाली दिलेले दर 2025 सालच्या आसपासचे आणि ढोबळ आहेत. दुकान, गाव आणि घासाघीस यांप्रमाणे ते थोडे खालीवर होतील.

कुठे जायचे?

सुरुवात घाणेवाडीपासून करावी. कुंडलिका नदीवरचा हा निजामकाळातला तलाव, आजचे नाव संत गाडगेबाबा जलाशय. शहरापासून आठ-दहा किलोमीटर. पंप न लावता, निव्वळ उताराने येथून नव्या जालन्याला पाणी येते, ही त्याची खरी मिरास. दुष्काळाच्या वर्षांत लोकांनी पुढे येऊन त्याचा गाळ उपसला. पक्षी पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवायचे की हे पिण्याचे पाणी आहे. काठावर जेवणाच्या पत्रावळी, प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकणे किंवा गाडी धुणे म्हणजे आपल्याच नळात घाण सोडणे.

शहरातच राहून सराव करायचा असेल तर मोती तलाव आहे. चालत जा, खर्च शून्य. टिबुकली, पाणकावळा, ढोकरी, खंड्या, जांभळी पाणकोंबडी ही नेहमीची मंडळी ओळखायला शिकण्यासाठी शहरातला तलाव वाईट नाही.

थोडे लांब जायचे तर बदनापूर तालुक्यात सोमठाण्याला अप्पर दुधना प्रकल्प आहे. शेजारच्या डोंगरावर रेणुकामातेचे मंदिर आहे, त्यामुळे घरच्यांना बरोबर नेले तरी कुणी कंटाळत नाही. भोकरदन तालुक्यात दानापूरचा जुई आणि शेलूदचा धामणा हे मध्यम प्रकल्प आहेत. परतूरकडच्या लोकांना निम्न दुधनाचे फुगवट्याचे पाणी जवळ पडते. धरणाची भिंत सेलू तालुक्यात असली तरी पाणी जालना जिल्ह्यात शिरते.

मग जायकवाडी का नको? जरूर जा, पण पहिल्या वर्षी नको. 1986 साली अभयारण्य जाहीर झालेला नाथसागर इतका पसरलेला आहे की पक्षी अनेकदा काठापासून अर्धा-एक किलोमीटर आत बसतात. साध्या दुर्बिणीतून तिथे ठिपके दिसतात, पक्षी दिसत नाहीत. जालन्याहून पैठणला जायला-यायला दीडशे किलोमीटरच्या पुढे तेल जाळायचे आणि ठिपके मोजून परत यायचे, हा सौदा नवख्याला परवडत नाही. लहान तलावाचा फायदा हाच की तो आपल्याला पक्ष्याच्या जवळ नेतो.

कुठल्याही धरणाच्या भिंतीवर किंवा सांडव्यावर चढण्याआधी तिथल्या चौकीदाराला विचारा. दोन शब्द गोड बोलले की बहुतेक वेळा अडचण येत नाही. वर आज कुठल्या काठाला पक्षी बसलेत, हेही तोच सांगतो.

अवकाळीत काय बदलते?

फेब्रुवारीत हिवाळी पाहुणे अजून मुक्कामाला असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि नशीब असेल तर पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. मार्च उजाडला की त्यांची पांगापांग सुरू होते. पण त्याच वेळी पाणी ओसरते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि चिखलात चोच खुपसणाऱ्यांची चंगळ होते. शेकाट्या, तुतवार, टिलवे, धोबी यांना पाहायला भरलेल्या तलावापेक्षा आटत चाललेला तलाव केव्हाही चांगला. वाटेत पळस फुललेला असेल तर पळसमैनांचे, म्हणजे आपल्या भोरड्यांचे थवे तिथे मध प्यायला उतरलेले दिसतात. एप्रिलमध्ये बदकांची गर्दी जाते, पण हळदी-कुंकू बदक, नदी सुरय, टिटवी, चित्रबलाक ही इथली मंडळी असतातच.

या काळात अवकाळी येते ती बहुधा अशी. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकतो, समुद्रावरून ओलसर वारा येतो, आणि दुपारच्या उन्हाने तापलेली हवा त्याला वर ढकलते. त्यामुळे ढग दुपारी दोननंतर उभे राहू लागतात आणि तीन ते आठच्या दरम्यान वीज, वारा, गारा यांचा खेळ होतो. पहाट ते सकाळी दहा हा वेळ तुलनेने निर्धोक. पक्षी पाहण्यासाठीही हाच वेळ उत्तम, म्हणजे दोन्ही हिशेब जुळतात.

पण हा नियम डोळे झाकून धरू नका. 11 फेब्रुवारी 2018 रोजी रविवार होता आणि जालना जिल्ह्यात सकाळीच गारा कोसळल्या. माणसे दगावली, उभी पिके झोपली. त्याआधी 2014 मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपिटीने दिवसेंदिवस ठाण मांडले होते. तेव्हा सुट्टीचा दिवस आणि सकाळची वेळ एवढ्यावर विसंबून चालत नाही.

यासाठी लागणारी माहिती फुकट मिळते. भारतीय हवामान विभागाचे मुंबई येथील प्रादेशिक केंद्र मराठवाड्यासाठी जिल्हावार इशारे देते. पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरात राहा. तीन तासांपुरता ताजा अंदाजही मिळतो. निघताना तो पाहावा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे, ते आपल्या आसपासच्या विजेची सूचना देते. शेतकऱ्यांसाठीचे 'मेघदूत' ॲपही तितकेच कामाचे. या तिन्हींचा खर्च शून्य, आणि पुढे दिलेले बहुतेक भुर्दंड एवढ्यानेच टळतात.

वादळ येऊन गेल्यानंतरची सकाळ मात्र सोन्याची. हवेतली धूळ बसलेली असते, नजर लांबवर पोहोचते. पाण्यावर किडे खाली उतरलेले असतात, म्हणून पाकोळ्या अगदी पृष्ठभागाला घासून फिरतात. पाणकावळे ओंडक्यांवर पंख पसरून वाळवत बसतात. वारा अजून जोरात असेल तर बदके उघड्या पाण्यावर थांबत नाहीत. आडोशाच्या काठाला गोळा होतात. वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिम काठ आधी पाहा, कारण काठाचा चढ वारा अडवतो आणि त्याखालचे पाणी शांत राहते. एवढे ध्यानात ठेवले तर तलावाची पूर्ण फेरी मारायची पायपीट वाचते.

प्रवास : खरा खड्डा इथे

जालन्यातून घाणेवाडी दुचाकीने, आत-बाहेर फिरणे धरून पंचवीस किलोमीटर. लिटरला पन्नासचा हिशेब धरा आणि पेट्रोल 105 रुपये, म्हणजे 50 ते 55 रुपये. रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवायची असेल तर थांबण्याच्या वेळेसह 500 ते 800 रुपये. बोली आधी करा आणि 'दहा वाजेपर्यंत' असे स्पष्ट सांगा, नाहीतर थांबण्याचे वेगळे मागितले जातात.

छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्यांनी तीन पर्याय तोलून पाहावेत.

*एसटी.* अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे सुमारे दहा रुपये, म्हणजे एका बाजूचे शंभरेक. महिलांना निम्मे भाडे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, आणि 75 वर्षांवरील आजी-आजोबांना मोफत. निवृत्तीनंतर हा छंद धरलेल्या जोडप्याचा प्रवास त्यामुळे चहाच्या खर्चात बसतो.

*रेल्वे.* जनरलचे तिकीट पन्नास रुपयांच्या आत, वेळ तासाभराचा. मार्चमध्ये जालन्यात साडेसहाच्या सुमारास उजाडते. त्या वेळेला काठावर उभे राहायचे तर आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम करावा लागतो. स्टेशन-बसस्टँड भागात साधी खोली 800 ते 1,500 रुपयांत मिळते. आरक्षण करून आलात आणि इशारा आला, तर सुटण्याच्या 48 तास आधी रद्द केल्यास सेकंड सीटिंगला माणशी 60 रुपये आणि एसी चेअर कारला 180 रुपये कापले जातात, एसीला वर जीएसटी. अवकाळीच्या दिवसांत म्हणूनच जनरलचे तिकीट बरे. जायचे ठरले त्या दिवशीच काढायचे.

*स्वतःची कार.* जाणे-येणे आणि फिरणे मिळून दीडशे किलोमीटर धरा. लिटरला पंधराच्या हिशेबाने दहा लिटर, म्हणजे हजार-अकराशे रुपये. समृद्धी महामार्गाने आलात तर कारला किलोमीटरला 2.06 रुपये टोल, म्हणजे एका बाजूचे साधारण शंभर. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे. कारमध्ये चौघे असतील तर माणशी तीन-सव्वातीनशे पडतात. एकट्याने आलात तर एसटीच्या सहापट.

भाड्याची गाडी हा सर्वांत महाग पर्याय, आणि त्याचे कारण अनेकांना बिल हातात आल्यावर कळते. बाहेरगावी जाणाऱ्या गाडीला दिवसाला किमान 250 ते 300 किलोमीटरची आकारणी असते. तुम्ही दीडशेच फिरलात तरी पैसे अडीचशेचे. 13 रुपये दराने 3,250, वर चालकाचा भत्ता 300 ते 500, वर टोल. आगाऊ रक्कम देण्याआधी हवामानाच्या इशाऱ्यामुळे रद्द केल्यास किती परत मिळेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन पावसाबरोबर वाहून जाते.

आता काळ्या मातीचे. पावसानंतरच्या पहिल्या सकाळी पक्षी छान असतात, पण पांदण रस्ता चार चाकांसाठी नसतो. वरून सुकलेली दिसणारी माती खाली लोण्यासारखी असते. चाक एकदा फिरले की मडगार्डमध्ये चिखलाचा लगदा दाबून बसतो आणि दुचाकीचेसुद्धा चाक जाम होते. मग काटकीने तो लगदा टोकरत बसावे लागते. कार अडकली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, त्याचे 500 ते 1,000 रुपये आणि दोन तास जातात. उपाय सोपा आहे. शेतात वाफसा येईपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करायची आणि शेवटचा किलोमीटर पायी जायचे. जुने गमबूट असतील तर उत्तम, नवे 400 ते 700 रुपयांत मिळतात.

दुर्बीण : एकदाच घ्या, नीट घ्या

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. 8×42 म्हणजे आठपट मोठे दिसणार आणि पुढची काच 42 मिलीमीटर व्यासाची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून निघून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास. ढगाळ सकाळी आपली बाहुली मोठी होते, तेव्हा चकती मोठी असेल तर चित्र उजळ दिसते. खिशात मावणाऱ्या 8×21 ला हाच भागाकार जेमतेम अडीचच्या वर जातो. उन्हात ती बरी वाटते, पण अवकाळीच्या करड्या उजेडात तिच्यातून थापट्या आणि तलवार बदक यांची मादी सारखीच मातकट दिसते.

म्हणून 8×40 किंवा 8×42. दहापट घेण्याचा मोह होतो, पण दहापट मोठे दिसते तसा हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि काठावर वारा असतोच. 20×50, किंवा झूम असलेली दुर्बीण नवख्याने घेऊ नये. जत्रेत, रस्त्याकडेला आणि ऑनलाइन बाजारात '30×60' असे छापलेल्या इवल्याशा दुर्बिणी मिळतात. समोरच्या काचेवर पट्टी लावली तर ती साठ मिलीमीटरची नसते, हे कुणालाही दिसेल. छापलेल्या आकड्याला पैसे देऊ नका.

दर असे. नामांकित कंपनीची साधी, बाकदार आकाराची 8×40 दुर्बीण 6,000 ते 10,000 रुपये. सरळ नळीची, आत नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ 8×42 दुर्बीण 11,000 ते 18,000 रुपये. त्याच्या वर पन्नास हजार, लाख, दोन लाख असा जिना आहे; त्यावर चढायची घाई नको.

दुकानात या चार गोष्टी तपासा.

1. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत पाहा. प्रकाशाची चकती पूर्ण गोल हवी. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर आतल्या लोलकात काटकसर केली आहे.
2. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरे वाचा. दोन मिनिटे सलग पाहिल्यावर डोळ्यांवर ताण आला किंवा एकाची दोन दिसली, तर ती परत द्या. नळ्या समांतर नाहीत.
3. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा. रबरी कडा खाली दुमडून पूर्ण गोल दिसतो का, ते बघा.
4. 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' यांत फरक आहे. पहिली भिजली तरी चालते, दुसरी शिंतोड्यांपुरती. अवकाळीच्या दिवसांत पहिलीसाठी चार हजार जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

जुनी दुर्बीण निम्म्या किमतीत मिळू शकते, पण आधी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पुढच्या काचेतून आत पाडा आणि दुसऱ्या बाजूने तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. ती साफ करायला 1,000 ते 2,500 रुपये लागतात आणि काचेवरचा लेप गेलेला असेल तर साफ करूनही उपयोग होत नाही.

बिल पक्के घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. सदोष माल परत घ्यायला दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता नकार देत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यातूनही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही.

भिजण्यापासून बचाव

रेनकोट 500 ते 1,200 रुपये. भडक पिवळा-लाल नको, शेवाळी किंवा मातकट घ्या. छत्री वाऱ्यात उलटते आणि तिच्या फडफडण्याने पक्षी उडतात. मोबाइल आणि पाकिटासाठी झिपवाल्या जाड पिशव्या 100 रुपयांत. घरी दुर्बीण ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा 300 ते 500 रुपये आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या 150 ते 200 रुपयांच्या. रंग बदलणारे जेल घ्या. ओल शोषून रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. विजेवर चालणारे छोटे ड्राय कॅबिनेट सहा-नऊ हजारांना येते, पण एका दुर्बिणीसाठी ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

भिजून आलात तर दुर्बीण लगेच डब्यात बंद करू नका. आधी मऊ सुती कापडाने बाहेरून टिपा, पंख्याखाली रात्रभर ठेवा, मग डब्यात. काचेवर धूळ असताना पुसू नका. आधी फुंकणीने उडवा, नाहीतर कायमचे ओरखडे पडतील.

वीज : इथे काटकसर नको

तलावाची भिंत म्हणजे आसपासच्या सपाट मुलखातली सर्वांत उंच, उघडी जागा. त्यावर लोखंडी ट्रायपॉड घेऊन उभा असलेला माणूस विजेला आयता सापडतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. सामान आवरा आणि निघा. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नका. पक्के घर किंवा काचा लावलेली कार हाच आसरा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. रुग्णवाहिकेसाठी 108, तीही मोफत.

पुस्तक आणि ॲप

ओळख पटवण्यासाठी पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च न करता भागते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे 'मर्लिन' ॲप मोफत आहे. भारतातल्या पक्ष्यांचा संच घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या, कारण तलावाकाठी नेटवर्क असेलच असे नाही. नोंदी ठेवायला त्याच संस्थेचे 'ईबर्ड', तेही मोफत. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' वाचनालयात बसून चाळा. छापील सचित्र मार्गदर्शक हवाच असेल तर 500 ते 1,200 रुपये धरा.

अनुभवी लोकांबरोबर फुकटात शिकायच्याही संधी आहेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीच्या मध्याला जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, आणि महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो; पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. अशा गणनेत एखादी सकाळ काढली की दुर्बीण घेण्याआधी चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहून होते. दुकानात ही सोय नसते.

पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला तर त्यावरची अक्षरे-आकडे टिपून घ्या. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस दख्खनच्या तलावांवर येतात. ती नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवली तर अभ्यासकांच्या कामी येते.

गारपिटीनंतर जखमी पक्षी सापडला तर

पाणी पाजायच्या फंदात पडू नका. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरून पक्षी अंधारात, शांत जागी ठेवा. वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' 1926 या क्रमांकावर कळवा. वन्य पक्षी घरी पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाच्या 1962 वर कळवा.

मार्च ते जून ओसरलेल्या गाळावर आणि गाळपेरीच्या शेतांत बेताने चाला. टिटवी, आर्ली, सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखी दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की दोन पावले मागे सरा. पुढचे पाऊल अंड्यांवर पडू शकते. शिवाय गाळपेर कुणाची तरी असते. कलिंगडाचा वेल तुडवलात तर भरपाई मागितली जाईल, आणि ती रास्तच असेल.

तीन खिसे, तीन हिशेब

*शंभरवाला.* दुर्बीण नाही, मोबाइलमध्ये मोफत ॲप, खिशात वही. दुचाकीचे पेट्रोल 55, नाश्ता 45. सकाळी एकूण 100 रुपये. शेकाट्या, चित्रबलाक, राखी बगळा, टिटवी, चक्रवाक हे मोठे किंवा ठळक रंगाचे पक्षी नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. पहिले दोन महिने असेच काढावेत, म्हणजे छंद टिकतो की नाही ते कळते.

*बारा हजारवाला.* दुर्बीण 8,000, रेनकोट 700, हवाबंद डबा आणि सिलिका जेल 600, गमबूट 500, झिपच्या पिशव्या आणि वही 200. एकूण 10,000. हंगामात वीस सकाळी गेलात तर प्रत्येकी 100 प्रमाणे 2,000. पहिल्या वर्षी एक सकाळ 600 रुपयांना पडते. दुसऱ्या वर्षापासून पुन्हा शंभरच.

*मंडळवाला.* सात-आठ जणांनी मिळून 20-60 पट झूमचा स्पॉटिंग स्कोप आणि भक्कम ट्रायपॉड घ्यावा. दोन्ही मिळून 30,000 ते 40,000. माणशी चार-पाच हजार. कुणाकडे राहणार, दुरुस्ती कोण करणार, गट सोडणाऱ्याला किती परत, हे कागदावर लिहून सह्या करा. मैत्री टिकवायची असेल तर हा कागद स्कोपइतकाच गरजेचा. जायकवाडीला जायचे ते या टप्प्यावर.

खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी कॅमेरा कापा. मोठ्या झूमचा कॅमेरा पस्तीस हजारांच्या खाली येत नाही आणि पहिल्या वर्षी तो पक्षी पाहूच देत नाही. मग लांबचा प्रवास कापा, मग स्कोप. दुर्बिणीला आणि रेनकोटला कात्री लावू नका. आणि जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी सगळाच बेत कापा. गाडीचे पैसे भरलेत म्हणून निघणे हा या छंदातला सर्वांत महाग निर्णय. बुडालेली आगाऊ रक्कम त्यापुढे स्वस्त.